सुवाळीचे खलाशी आणि डेल्फ्टचा कापडवाला

सतराव्या शतकात युरोपातून आलेले मोठे जहाज थेट सुरतेच्या घाटाला लागत नसे. तापीच्या मुखातला गाळ आडवा येई. मग जहाजे मुखाच्या उत्तरेला, सुवाळीच्या किनाऱ्याजवळ खोल पाण्यात नांगर टाकत आणि माल नि माणसे तिथून होड्यांनी, बैलगाड्यांनी शहरात जात. सहा-आठ महिन्यांचा प्रवास करून उतरणाऱ्या खलाशांपैकी कित्येकांच्या हिरड्या सुजून काळ्यानिळ्या पडलेल्या असत. दात बोटाने हलत. तोंडाला अशी दुर्गंधी येई की शेजारी झोपणेही अवघड व्हावे. कित्येक जण वाटेतच मरत.

हा स्कर्व्ही. ताजी फळे आणि भाज्या महिनोन्‌महिने न मिळाल्याने शरीरातले क जीवनसत्त्व संपते, ऊतींना बांधून ठेवणारे धागे नीट तयार होत नाहीत आणि हिरड्या फुटू लागतात. इंग्रज कप्तान जेम्स लँकेस्टरने १६०१ च्या सफरीत खलाशांना लिंबाचा रस पाजला होता आणि त्याचा गुण त्याला दिसला होता, पण तेव्हा ती एका कप्तानाची हुशारी ठरली, सर्वांचा नियम झाली नाही. जमिनीवर राहून, रोज भाजी-फळे खाऊनही ज्यांच्या हिरड्यांतून रक्त आणि पू येतो, त्यांचा रोग वेगळा असतो. त्या काळी युरोपातले वैद्य बहुतेकदा हे दोन्ही रोग एकाच नावाखाली घालत. हिरडी सडली म्हणजे अंगातले रस बिघडले, एवढे स्पष्टीकरण त्यांना पुरे होते.

ज्या शहरात हे खलाशी उतरत, तिथे हिरड्यांविषयीचे ज्ञान जुने होते. सुरतेत तेव्हा बनिया, पारशी, बोहरा, आर्मेनियन, तुर्क, अरब, इंग्रज, डच असे सगळे एकत्र नांदत होते. शहराची ओढ अशी की १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी ते लुटले, आणि दोन्ही वेळा व्यापार पुन्हा उभा राहिला. या शहरातला साधा माणूसही सकाळी कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चावून तिचा कुंचला करी आणि दात घासी. त्यामागे जे शास्त्र होते, ते सुश्रुतसंहितेत बारकाईने आले आहे. दातवण बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढे जाड असावे. कडू झाडांत निंब श्रेष्ठ, तुरटांत खैर, गोडांत मोह, तिखटांत करंज. आणि घासताना हिरडीला इजा होता कामा नये.

सुश्रुताने दातांच्या मुळाशी होणारे रोग वेगळे मोजले आहेत. ‘शीताद’ म्हणजे हिरड्यांतून अकस्मात रक्त येते, त्या मऊ पडतात, काळवंडतात, घाण येते. ‘दंतवेष्ट’ म्हणजे पू आणि रक्त वाहते, दात हलू लागतात. आजचा दंतवैद्य ज्याला पायोरिया म्हणून ओळखतो, त्याचे हे वर्णन आहे यात मला शंका वाटत नाही. पण संहितेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट औषधांच्या यादीत नाही. दातावर साठून घट्ट झालेल्या मळाला तिथे ‘दंतशर्करा’ म्हटले आहे आणि मुळाला धक्का न लावता ती खरवडून काढायला सांगितले आहे. त्यासाठी ‘दंतशंकु’ नावाचे खास शस्त्रही सांगितले आहे. आपण ज्याला किटण म्हणतो, ते हातानेच काढावे लागते, गुळण्यांनी ते जात नाही, हे इथल्या शल्यवैद्यांना पक्के ठाऊक होते. ते का काढावे लागते, त्या किटणात असते तरी काय, हे मात्र उघड्या डोळ्यांना दिसणारे नव्हते.

सुरतेच्या कतारगाम भागात डचांची जुनी दफनभूमी आहे. तिथली सर्वांत भव्य घुमटी कबर हेंड्रिक आद्रियान व्हान रेडे याची. डच ईस्ट इंडिया कंपनीचा हा बडा अधिकारी डिसेंबर १६९१ मध्ये कोचीनहून सुरतेला येताना समुद्रातच वारला आणि त्याला सुरतेत पुरले. कंपनीतला भ्रष्टाचार खणून काढायला त्याला पाठवले होते, पण आज त्याचे नाव टिकले आहे ते ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथामुळे. १६७८ ते १६९३ या काळात आम्सटरडॅमला या ग्रंथाचे बारा खंड छापले गेले. त्यात मलबारातल्या सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रे, नावे आणि उपयोग आहेत.

हे ज्ञान व्हान रेडेने घेतले ते इट्टी अच्युतन या एळवा वैद्याकडून आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तिघा कोकणी ब्राह्मणांकडून. गोव्याकडून कोचीनला जाऊन स्थिरावलेल्या समाजातले हे तिघे. त्यांचे १६७५ सालचे निवेदन ग्रंथाच्या पहिल्या खंडात नागरी लिपीत छापले आहे. कोकणी भाषेतला तो मजकूर आम्सटरडॅमच्या छापखान्यातून बाहेर पडला, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. या खंडांत कडुनिंब आहे. पहिल्याच खंडात बकुळही आहे, ‘एलेंगी’ या मलबारी नावाने. बकुळीचे आजचे शास्त्रीय नावही त्यावरूनच आले आहे. बकुळीची साल हलणाऱ्या दातांना आणि रक्ताळलेल्या हिरड्यांना इथले वैद्य पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत. ही दोन्ही झाडे अशी कागदावर चढून कंपनीच्याच जहाजांनी हॉलंडला पोचली.

त्याच हॉलंडमध्ये, त्याच वर्षांत, डेल्फ्ट गावी एक माणूस स्वतःच्या दातांतला मळ भिंगाखाली धरून बसला होता.

अंतोनी व्हान लेव्हेनहूक १६३२ सालचा, म्हणजे शिवाजी महाराजांहून दोन वर्षांनी लहान. बाप टोपल्या विणणारा. पोराने कोवळ्या वयात आम्सटरडॅमच्या एका कापडवाल्याकडे उमेदवारी केली आणि १६५४ मध्ये डेल्फ्टला परत येऊन स्वतःचे कापडाचे दुकान थाटले. पुढे नगरपालिकेत नोकरी मिळाली. चित्रकार व्हर्मीर त्याच गावचा, त्याच वर्षी जन्मलेला. तो वारल्यावर त्याच्या मालमत्तेची व्यवस्था नगराने याच लेव्हेनहूककडे सोपवली. डेल्फ्ट हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एका शाखेचे शहर. सुरतेहून भरलेले सुती कापड कंपनीच्या लिलावांतून देशभर जाई. कापडवाले ताण्याबाण्याचे धागे मोजायला भिंग वापरत, आणि लेव्हेनहूकला भिंगाची गोडी लागली ती याच धंद्यात. तो स्वतः भिंगे घासू लागला. पितळी पट्ट्यांत बसवलेले मोहरीसारखे ते भिंग डोळ्याला चिकटवूनच पाहावे लागे. त्याच्या वाचलेल्या भिंगांपैकी सर्वांत चांगले सुमारे २६६ पट मोठे दाखवते.

जिवाणू त्याला पहिल्यांदा दिसले ते मिऱ्यांच्या पाण्यात. मिरी तिखट का लागते, हे त्याला समजून घ्यायचे होते, म्हणून त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि १६७६ मध्ये त्या पाण्याच्या थेंबात असे काही सूक्ष्म जीव पाहिले की लंडनच्या रॉयल सोसायटीला आधी विश्वास बसेना. पुढच्या वर्षी रॉबर्ट हूकने तोच प्रयोग करून दाखवला तेव्हा तिथल्या मंडळींना पटले. मिरी पूर्वेची, कंपनीच्या जहाजांतली. हिंदी महासागराचा व्यापार नसता तर हा शोध कदाचित दुसऱ्याच वाटेने लागला असता.

१७ सप्टेंबर १६८३ रोजी त्याने रॉयल सोसायटीचा चिटणीस फ्रान्सिस ॲस्टन याला पत्र लिहिले. इकडे त्या वर्षी संभाजी महाराज पोर्तुगिजांशी लढत होते. पत्रात लेव्हेनहूक आधी स्वतःचा दिनक्रम सांगतो. रोज सकाळी तो मिठाने दात घासतो, जेवणानंतर दातकोरणीने फटी साफ करतो, कापडाने दात पुसतो. पन्नाशीच्या माणसात क्वचितच दिसावेत इतके आपले दात स्वच्छ आहेत आणि मिठाने कितीही घासले तरी हिरड्यांतून रक्त येत नाही, असे तो नोंदवतो. तरीही दाढांच्या फटीत पांढरा, पिठासारखा दाट मळ उरतोच. तो त्याने पावसाच्या पाण्यात कालवून भिंगाखाली धरला. वळवळणारे, गिरक्या घेणारे, पाण्यात तीरासारखे धावणारे जीव दिसले. त्यांची चित्रे त्याने पत्रासोबत धाडली. त्यांत गोल आहेत, काड्यांसारखे आहेत, लांब मळसूत्री आहेत. आपल्या तोंडातल्या या जीवांची संख्या अख्ख्या नेदरलँड्सच्या लोकसंख्येहून जास्त आहे, असेही त्याने लिहिले.

मग त्याने इतरांची तोंडे तपासली. दोन स्त्रिया, आठेक वर्षांचे मूल, दोन म्हातारे. एका म्हाताऱ्याने आयुष्यात कधी दात घासले नव्हते. त्याच्या दातांतला मळ पाण्यात कालवताच जीवांची इतकी गर्दी उसळली की सारे पाणीच जिवंत वाटावे. त्यात मोठे, अंग वळवत पोहणारे जीव लेव्हेनहूकला विशेष संख्येने दिसले. दुसरा म्हातारा रोज सकाळी ब्रँडी पिणारा आणि तंबाखू ओढणारा. एवढ्या दारू-तंबाखूत हे जीव कसे टिकतील, असा प्रश्न घेऊन लेव्हेनहूकने पाहिले, तर दातांमध्ये ते होतेच.

यावरून त्याने रोगाचे अनुमान काढले नाही. हिरडीतून रक्त येणे आणि हे जीव यांचा संबंध तो कुठे जोडत नाही. तरी त्याची नोंद खरी निघाली. आज आजारी हिरडीखालच्या खोबणीतून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की निरोगी हिरडीच्या मानाने त्यात हलणारे आणि मळसूत्री जिवाणू फार जास्त दिसतात. घासलेल्या आणि न घासलेल्या तोंडांतला हाच फरक एका कापडवाल्याने एकट्याने टिपून ठेवला होता.

पण या पत्रातला सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते व्हिनेगरचा आहे. मळ पाण्यात कालवून त्यात व्हिनेगर घातले की जीव तत्काळ मरत. मग त्याने व्हिनेगरने तोंड धुतले आणि पुन्हा मळ काढून पाहिला, तर ते जिवंत! व्हिनेगर मळाच्या थरात आतवर शिरत नाही, बाहेरचे मरतात आणि आतले वाचतात, असा निष्कर्ष त्याने काढला. नऊ वर्षांनी, १६९२ मध्ये, त्याने असेच गरम कॉफीबद्दल लिहिले: पुढच्या दातांवरचे जीव कॉफीच्या चटक्याने मेले, मागच्या दाढांवरचे राहिले. ज्या थराला आज बायोफिल्म म्हणतात, त्याच्या संरक्षणाचा हा पहिला पुरावा. दातावर जिवाणू सुटे बसत नाहीत. ते स्वतः तयार केलेल्या चिकट द्रव्यात एकमेकांना धरून थर बांधतात, आणि त्या थरात औषध पोचता पोचता क्षीण होते. थर मोडायचा तर घासावा, खरवडावा लागतो. दंतशंकु हाती घेणाऱ्या वैद्याला करायचे काय ते माहीत होते. ते का करायचे, हे लेव्हेनहूकला दिसले.

हॉर्टसचा पहिला खंड १६७८ चा, हे पत्र १६८३ चे. एकाच कंपनीच्या व्यापाराच्या बळावर, एकाच देशात, पाच वर्षांच्या आत उपाय आणि कारण दोन्ही कागदावर आले. पण हॉर्टसमध्ये सूक्ष्म जीव नाहीत आणि लेव्हेनहूकच्या पत्रात निंब-बकुळ नाहीत. एक वनस्पतिशास्त्रज्ञांच्या कपाटात गेले, दुसरे कुतूहलाच्या गोष्टींत. मला या इतिहासातली सर्वांत मोठी हळहळ याचीच वाटते.

त्यानंतर दोनशे वर्षे या जीवांकडे फारसे कोणी वळले नाही. जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या काळात, विलोबी मिलर या बर्लिनमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन दंतवैद्याने १८९० मध्ये तोंडातल्या सूक्ष्म जीवांवर ग्रंथ लिहिला. त्यातून दात किडण्याचे कोडे बरेच सुटले. हिरड्यांचे सुटले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काहींनी तोंडातल्या अमिबाला दोषी ठरवून एमेटिनची इंजेक्शने दिली. विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने १९१० मध्ये माँट्रियलला दिलेल्या भाषणानंतर, दातांतला पू साऱ्या शरीराला विषारी करतो या समजाने असंख्य लोकांचे दात उपटले गेले.

हे का अडले, ते कळायला सुरतेचीच आणखी एक आठवण उपयोगी पडते. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला. पन्नासच्या आसपास माणसे गेली, पण भीती अशी पसरली की काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून निघाले. त्यांत यंत्रमागांवर काम करणारे आपले खानदेशी कामगारही होते. औषधांच्या दुकानांतली टेट्रासायक्लिनची कॅप्सुले संपली. प्लेगचा जिवाणू बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला येर्सां या शास्त्रज्ञाने शोधला होता. तो बाहेरून शिरतो, एकटा रोग करतो, आणि वेळेवर दिलेले प्रतिजैविक त्याला मारते. कॉखची सारी पद्धत अशाच शत्रूसाठी बनलेली होती: एक रोग, एक जिवाणू.

हिरडीचा रोग या चौकटीत बसत नाही. त्यातले जिवाणू कायमचे रहिवासी असतात, निरोगी तोंडांतही थोडेफार सापडतात, आणि शेकडो जातींच्या संगतीत राहतात. शिवाय हिरडीखालच्या खोबणीत प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथले महत्त्वाचे जिवाणू हवा लागताच मरतात, त्यामुळे जुन्या प्रयोगशाळांच्या बशीत ते वाढतच नसत. लेव्हेनहूकने जे जिवंत पाहिले, ते त्याच्या मागून आलेल्या शास्त्रज्ञांना वाढवता येत नव्हते. आणि टेट्रासायक्लिन दंतवैद्यही वापरतात, पण किटण आणि थर काढल्याशिवाय नुसत्या कॅप्सुलांनी हिरडी बरी होत नाही. व्हिनेगरच्या प्रयोगात दिसले तेच इथेही.

खरा पुरावा आला १९६५ मध्ये, डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथून. हाराल्ड ल्यो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. त्यांत बहुतेक दंतविद्येचे विद्यार्थीच होते. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. मळाचा थर जसा जुना होत गेला तशी जिवाणूंची जातही बदलत गेली: आधी गोल, मग काड्यांसारखे, शेवटी मळसूत्री. पुन्हा घासायला लागताच हिरड्या आठवडाभरात पूर्ववत झाल्या. डेल्फ्टच्या त्या म्हाताऱ्याच्या तोंडात जे दिसले होते, ते आता कार्यकारणासह सिद्ध झाले.

पुढचे पाऊल आपल्या शेजारी, श्रीलंकेत पडले. ल्योच्या गटाने १९७० पासून १९८५ पर्यंत तिथल्या चहामळ्यांतल्या ४८० तमिळ मजुरांवर लक्ष ठेवले. या लोकांना दंतवैद्य माहीत नव्हता, टूथब्रशही नाही. साऱ्यांच्या दातांवर किटण होते, साऱ्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. मग साऱ्यांचे दात पडायला हवे होते. तसे झाले नाही. सुमारे ८ टक्के लोकांत हाड झपाट्याने झिजले, ८१ टक्क्यांत हळूहळू, आणि ११ टक्क्यांत रोग हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. म्हणजे जिवाणू हवेतच, पण ते पुरेसे नाहीत. शरीर त्यांना कसे उत्तर देते, यावर पुढचे ठरते. हाड झिजवण्याचे बरेचसे काम सुजेत लढायला आलेल्या आपल्याच पेशींकडून होते.

या झिजेचे मूळ आता बऱ्यापैकी उलगडले आहे. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जिवाणू संख्येने थोडा असला तरी शरीराच्या संरक्षणाची घडी विस्कटतो आणि मग शेजारच्या निरुपद्रवी जातीही उपद्रवी होतात. त्याला वाढायला रक्तातले लोहयुक्त द्रव्य लागते, म्हणून रक्ताच्या माध्यमावर त्याच्या वसाहती काळ्याभोर दिसतात. हिरडी सुजली की रक्त येते, रक्त आले की त्याला खाद्य मिळते, तो वाढला की सूज वाढते. सकाळी थुंकीत दिसणारा लाल धागा म्हणूनच इतका गंभीरपणे घ्यायला हवा.

रोग असूनही तो लाल धागा जिथे दिसत नाही, तिथे धोका आणखी मोठा असतो, आणि इथे लेव्हेनहूकच्या दुसऱ्या म्हाताऱ्याकडे पुन्हा वळावे लागते. तंबाखूतल्या निकोटिनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त येत नाही, सूज कमी दिसते, आणि आत हाड झिजत राहते. विजापुराहून आणलेला तंबाखू असद बेगने अकबरापुढे ठेवला तो सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी. पुढे गुजरातेत तंबाखूची शेती इतकी फोफावली की तो रोजच्या सवयीचा भाग झाला. महाराष्ट्रात बायका तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजून त्याची मशेरी करतात. गुजरातेत बजर हिरड्यांना चोळतात. दोन्हींचा वापर दात साफ करण्यासाठीच सुरू होतो. मशेरीने दात हलायचे थांबतात, ठणका जातो, अशी समजूत खानदेशापासून कोकणापर्यंत आहे, आणि खानदेशातून जे लाखो लोक सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत स्थायिक झाले, त्यांच्याबरोबर ती तिथेही गेली. ठणका थोडा वेळ खरोखरच कमी वाटतो, म्हणून समजूत मोडणे कठीण जाते.

केंद्र सरकारने ३० एप्रिल १९९२ च्या अधिसूचनेने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. एक उत्पादक न्यायालयात गेला; १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. २०१२ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांनी गुटख्यावर बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला यातले काहीच लागू होत नाही. तिच्यासाठी कुणीतरी वस्तीत जाऊन, आरसा आणि बारीक सळई घेऊन, त्या बाईला तिचीच हिरडी दाखवावी लागते: वरून फिकट गुलाबी, घट्ट, रक्ताचा थेंब नाही, आणि सळई मुळाशी सहा-सात मिलिमीटर खोल जाते.